हिरवे पान आणि सुकलेली गाठ

मंचरहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला तळेघर लागते. इथून पुढच्या घाटमाथ्यावर वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातल्या माळीणवर डोंगर खचला, तोही अशाच मुसळधार पावसात. अशा मुलखात कडधान्यांना बसणाऱ्या पाण्याच्या ताणाबद्दल बोलायचे म्हणजे अनेकांना ते अस्थानी वाटेल. दुष्काळ म्हटले की शिरूरची पूर्व बाजू, बारामती-इंदापूरचे जिरायत पट्टे किंवा माण-खटाव डोळ्यांसमोर येतात. पण झाडाला वर्षाची सरासरी कळत नाही. त्याच्या मुळांभोवती आज किती ओल आहे आणि पुढे किती दिवस ती टिकेल, एवढ्यावरच त्याचे जगणे चालते. या कसोटीवर पाहिले तर जुलैत गुडघाभर चिखलात असलेले भाताचे खाचर जानेवारीत एखाद्या कोरडवाहू माळाइतकेच कठीण ठरते. भात निघाल्यावर त्याच खाचरात हरभरा, मसूर, वाल किंवा वाटाणा पेरला जातो आणि काढणीपर्यंत त्या पिकावर मोजण्याजोगा पाऊस बहुधा पडत नाही. पेरणीच्या दिवशी जमिनीत जे पाणी असेल तेवढेच त्याच्या वाट्याचे.

हे पाणी किती असते याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. हलक्या तांबड्या मातीच्या दहा सेंटीमीटर थरात झाडाला उपयोगी पडेल असे पाणी साधारण दहा-बारा मिलिमीटर मावते. मातीची खोली चाळीस सेंटीमीटर धरली, तर एकूण साठा पन्नास मिलिमीटरच्या आतबाहेर. पूर्वेकडच्या मीटरभर खोल काळ्या जमिनीत हाच साठा दीडशे ते दोनशे मिलिमीटरपर्यंत जातो. हरभऱ्याचे बरे पीक पेरणीपासून काढणीपर्यंत दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाणी वापरते आणि भर वाढीच्या दिवसांत त्याचा रोजचा खर्च दोन-तीन मिलिमीटर असतो. काळ्या रानात हे गणित कसेबसे जुळते, घाटाकडच्या पातळ मातीत ते जुळत नाही. त्यात भाताची आणखी एक अडचण. चिखलणीमुळे वरच्या थराची घडण मोडते, त्याखाली दडपलेला कठीण थर तयार होतो आणि ओल उडाली की सगळे विटेसारखे घट्ट होते. खाली थोडे पाणी असले तरी हरभऱ्याचे कोवळे मूळ त्या थरापाशी अडते. खालच्या अंगाच्या खाचरांना डोंगराचा पाझर डिसेंबरपर्यंत मिळतो म्हणून तिथले पीक उजवे दिसते. वरच्या खाचरांत तेच बियाणे महिनाभर आधी पिवळे पडते.

पाणी कमी पडले की झाड कोमेजते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कोमेजणे ही फार उशिराची पायरी आहे. झाडाच्या पेशी वाढतात त्या आतल्या पाण्याच्या दाबाने. दाब जरासा उतरला की नवी पाने लहान राहू लागतात, आणि हे होते तेव्हा जुनी पाने अगदी टवटवीत असतात. ओल आणखी उतरली की मुळे आणि पाने अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढवतात आणि पानांवरची रंध्रे मिटू लागतात. रंध्रे मिटली की पाणी वाचते खरे, पण कर्बवायू आत येण्याचा रस्ताही तोच आहे. कर्बवायूचा एक रेणू आत घेताना पाण्याचे काही शे रेणू बाहेर जातात, हा वनस्पतींचा मूळचाच तोट्याचा सौदा आहे आणि ताणाच्या काळात झाडापुढचा प्रश्न हा सौदा कधी थांबवायचा एवढाच उरतो. शेंगवर्गीय पिकांकडे यासाठी आणखी एक सोय आहे. मूग, उडीद, मटकी, घेवडा, सोयाबीन यांच्या पानांच्या देठाशी फुगीर सांधा असतो. पाणी टंचले की हा सांधा पान असे वळवतो की दुपारचे ऊन पानाच्या पात्यावर न पडता कडेवर पडते. सोयाबीनच्या रानात भर दुपारी पानांची फिकट खालची बाजू दिसू लागते, ती यामुळेच. रोपाला ऊब कमी, पाण्याचा खर्च कमी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पान पुन्हा सरळ.

पेशींच्या आतही उलाढाल होते. साखरा, पोटॅशियम आणि प्रोलिनसारखी अमिनो आम्ले साठवून पेशी आपला रस दाट करतात, म्हणजे कोरड्या होत चाललेल्या मातीतूनही पाणी ओढता येते. हरभऱ्यात ही क्षमता बऱ्यापैकी आहे. प्रोलिनबद्दल मात्र थोडे जपून बोलावे लागते. ताण दिलेल्या झाडात ते किती वाढले, हे मोजणारे शोधनिबंध ढिगांनी आहेत, कारण ते मोजणे सोपे आहे. पण प्रोलिन जास्त म्हणजे वाण तगडे, असा अर्थ काढता येत नाही. पुष्कळदा जे झाड जास्त होरपळले त्यातच ते जास्त सापडते. सोप्या मोजणीवर विज्ञानाचे किती कागद खर्ची पडतात याचे हे एक उदाहरण म्हणून सोडून द्यावे.

इथवर सांगितलेले थोड्याफार फरकाने ज्वारीला, गव्हालाही लागू पडते. कडधान्यांचे दुखणे वेगळे आहे आणि ते जमिनीखाली आहे. त्यांच्या मुळांवर गाठी असतात. गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. हे काम करणारे नायट्रोजनेज हे विकर प्राणवायूच्या संपर्कात आले की निकामी होते, आणि तरीही जिवाणूंना श्वसनासाठी प्राणवायू लागतोच. ही कोंडी सोडवण्यासाठी गाठीभोवती प्राणवायू अडवणारा थर असतो आणि आत लेगहिमोग्लोबिन हे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या गोत्रातले प्रथिन मोजून-मापून प्राणवायू पोहोचवते. जिवंत गाठ आतून गुलाबी दिसते ती त्यामुळे. जमीन सुकू लागली की हा थर अधिक घट्ट होतो, आत प्राणवायू कमी जातो, जिवाणूंचे श्वसन मंदावते आणि नत्र पकडणे थांबत जाते. शिवाय साखर वापरण्याची गाठीची यंत्रणाही ताणात लवकर ढासळते, म्हणजे पानांकडून साखर आली तरी ती कामी येत नाही. आणखी एक अडचण अशी की गाठीला बरेचसे पाणी मातीतून थेट मिळत नाही, ते पानांकडून येणाऱ्या साखरेच्या रसाबरोबर येते. तयार नत्र वर पाठवायलाही पाण्याचा प्रवाहच लागतो. तो मंदावला की नत्राची संयुगे गाठीतच साचतात आणि पुढचे काम आणखी रोखले जाते.

या सगळ्याचा परिणाम असा की अनेक कडधान्यांत नत्र-स्थिरीकरण हे प्रकाशसंश्लेषणाच्या आधी बसते. पान अजून हिरवे असते, रंध्रे अर्धी उघडी असतात, बांधावरून पाहणाऱ्याला पीक ठीक वाटते आणि तोवर गाठींचे काम निम्म्यावर आलेले असते. इथेच पिकापिकांत मोठा फरक पडतो. सोयाबीन, मूग, उडीद, चवळी, तूर ही उष्ण प्रदेशातली मंडळी गाठीतला नत्र युरिआइड नावाच्या संयुगांच्या रूपात वर पाठवतात. हरभरा, मसूर, वाटाणा ही थंडीची पिके तो अमाइडांच्या रूपात पाठवतात. अमेरिकेतल्या थॉमस सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत पिकांची तुलना केली, तेव्हा युरिआइड पाठवणाऱ्या पिकांच्या गाठी ताणाला अधिक हळव्या निघाल्या. सोयाबीनमध्येही सगळे वाण सारखे नव्हते. ‘जॅक्सन’ नावाच्या जुन्या वाणाच्या गाठी बाकीच्यांपेक्षा कोरड्या जमिनीत जास्त काळ काम करत राहिल्या. जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागात खरिपात सोयाबीन वाढले आहे. ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवसांची ओढ पडली आणि पुढे पाऊस आला, तरी उत्पादन का घटते, याचे एक कारण इथे सापडते. पाऊस आल्यावर पान लगेच ताजे होते, गाठ तितक्या लवकर पूर्ववत होत नाही, आणि ताण लांबला असेल तर ती झडूनच जाते.

नत्राच्या या तुटीची किंमत झाड दाणे भरताना चुकवते. डाळीच्या दाण्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, सोयाबीनमध्ये चाळीसच्या जवळ. एवढा नत्र दाण्यांना रोज पुरवायचा तर गाठी चालू हव्यात. त्या थांबल्या की झाड स्वतःच्या पानांतली प्रथिने मोडून नत्र दाण्यांकडे वळवते. पण पानातली बहुतेक प्रथिने ही प्रकाशसंश्लेषणाची अवजारेच असतात. ती मोडली की पान पिवळे पडते, साखर बनणे घटते आणि शेंग भरण्याचा काळ आखूड होतो. सिंक्लेअर आणि हॉलंडचे कॉर्नेलिस द विट यांनी १९७५ च्या सुमारास सोयाबीनबाबत हा विचार मांडला आणि झाड स्वतःलाच खाऊन संपते, असे त्याला म्हटले गेले. म्हणून माझे म्हणणे असे की कडधान्याचा दुष्काळ हा पाण्याइतकाच नत्राचाही दुष्काळ असतो. या पिकांची सहनशक्ती पानांच्या टवटवीवरून ठरवणे चुकीचे आहे. दाणे भरायला लागतील त्या दिवसांसाठी जमिनीत ओल आणि मुळांवर जिवंत गाठी दोन्ही उरतात की नाही, हीच खरी कसोटी.

यावर पहिला आक्षेप मुळांच्या बाजूने येतो. मूळ खोल गेले, जास्त पाणी मिळाले, म्हणजे पान आणि गाठ दोन्ही सुरक्षित, मग एवढा विचार कशाला? हरभऱ्यात हा मार्ग खूप वर्षे धरला गेला. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत आयसीसी ४९५८ हा खोल आणि भरघोस मुळांचा वाण सापडला आणि दुष्काळ सोसणाऱ्या हरभऱ्याच्या पैदाशीत तो जनक म्हणून सगळीकडे वापरला गेला. मुळांशी निगडित मानलेला जनुकांचा एक पट्टाही त्यात ओळखला गेला. तोच पट्टा पुसा ३७२ या जुन्या वाणात आणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा १०२१६ हा वाण २०१९ मध्ये दिला. हे काम मोलाचे आहे यात शंका नाही. पण त्याच इक्रिसॅटमध्ये विन्सेंट वादेझ यांच्या गटाने मातीने भरलेल्या उंच नळकांड्यांत हरभऱ्याची झाडे वाढवली, नळकांड्यांचे ठरावीक दिवसांनी वजन करून प्रत्येक झाडाने कधी किती पाणी वापरले ते मोजले, आणि निष्कर्ष वेगळाच आला. शेवटच्या काळात ताण बसूनही चांगले दाणे देणारे वाण एकूण पाणी जास्त ओढतातच असे नव्हते. ते सुरुवातीला कमी खर्च करत होते आणि म्हणून फुलोरा-घाट्यांच्या वेळी त्यांच्याजवळ पाणी शिल्लक राहत होते. पुढे त्या प्रसिद्ध जनुकपट्ट्याचा अभ्यास खोलात गेला तेव्हा त्याचा संबंध मुळांइतकाच पानांचा विस्तार आणि रोपाच्या सुरुवातीच्या वाढीशीही असल्याचे दिसले. पावसाळ्यापर्यंत कणगी पुरवायची असेल तर ती केवढी मोठी आहे याबरोबरच दिवाळीत किती उपसली यावरही ते ठरते, तसाच हा प्रकार. आणि तळेघरच्या खाचरात तर कणगीच लहान आहे. चाळीस सेंटीमीटरवर मुरूम किंवा दडपलेला थर लागत असेल, तर खोल मुळाचा वाण आणून तिथे फारसा लाभ नाही. सुरुवातीला जोमाने फोफावणारे, पाने लवकर पसरणारे बियाणे अशा जमिनीत उलट तोट्याचे ठरू शकते. शेतात जाऊन पाहणाऱ्याला मात्र तेच सगळ्यात चांगले दिसते.

दुसरा आक्षेप साधा आणि वजनदार आहे. हुलगा आणि मटकी शतकानुशतके कोरड्या माळावर उगवत आली आहेत. मग बाकीची उठाठेव सोडून तीच का पेरू नयेत? ही पिके खरोखरच काटक आहेत. मटकी जमिनीलगत पसरते, स्वतःच्या पानांनी माती झाकते आणि बाष्पीभवन रोखते. हुलगा वाढ जवळजवळ थांबवून ताण काढतो आणि ओल मिळाली की पुन्हा चालू होतो. मूग वेगळ्या वाटेने जातो. तो ताण सोसत नाही, तो दोन-सव्वादोन महिन्यांत मोकळा होऊन ताणाच्या आधीच निसटतो. पण या प्रत्येक वाटेची किंमत आहे. रंध्रे मिटून बसणारे झाड कर्बवायूही कमी घेते, लवकर उरकणारे पीक दाणे भरायला कमी दिवस देते. हुलग्याचे उत्पादन कमी का, याला केवळ संशोधनाची उपेक्षा कारणीभूत नाही. जे त्याला वाचवते त्यातच त्याचे कमी उत्पन्नही दडलेले आहे. उपेक्षा झाली हेही खरेच आहे, आणि वरच्या बाजूच्या हलक्या खाचरांत, जिथे हरभऱ्याचे गणित बसतच नाही, तिथे हुलगा किंवा वाल हा शहाणपणाचा पर्याय ठरतो. मात्र पाझराच्या खाचरातही हुलगाच पेरायचा म्हणजे असलेले पाणी वाया घालवणे होईल. ‘दुष्काळ सोसणारे पीक’ असे एकच सर्वत्र चालणारे पीक असू शकत नाही.

तिसरा आक्षेप पाण्याचा. एवढा पाऊस पडतो तर साठवा आणि द्या. घोड नदीवरचे डिंभे धरण, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागर, इथून खालीच आहे. पण धरणाच्या वरच्या गावांना कालव्याचे पाणी मिळत नाही, ते पूर्वेला जाते. उतारावरच्या खाचरांपर्यंत ते उचलून आणणे खर्चाचे आहे. तरीही शेततळ्यातून किंवा ओढ्यावरच्या बंधाऱ्यातून एखादे पाणी देता आले, तर कडधान्यांत त्याचा परिणाम भाताच्या कितीतरी पट मोठा असतो. प्रश्न ते कधी द्यायचे हा आहे, आणि इथे पुन्हा शरीरक्रियाच उत्तर देते. हरभऱ्याला लवकर आणि भरपूर पाणी दिले की तो माजतो, पाला वाढतो, घाटे कमी लागतात. निचरा नसलेल्या खाचरात मुळे कुजण्याचा धोका वेगळाच. भुईमुगात तर उलटा अनुभव नोंदला गेला आहे: उगवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला सौम्य ताण फुले एकाच वेळी येण्यास मदत करतो आणि पुढे पाणी मिळाल्यास उत्पादन वाढू शकते. पण आऱ्या जमिनीत शिरायच्या वेळी वरचा थर कोरडा असेल तर त्या आत घुसतच नाहीत. दाणे भरताना ताण पडला तर शेंगांना जमिनीतले कॅल्शियम मिळत नाही, शिवाय बुरशी शिरून अफ्लाटॉक्सिन या विषाचा धोका वाढतो. एकाच झाडाला एकाच ऋतूत ताण लाभतोही आणि मारतोही. एकच पाणी हातात असेल तर ते हरभऱ्याला फुलोरा ते घाटे लागण्याच्या दरम्यान द्यावे, रोप लहान आणि हिरवे असताना देऊ नये. ते पाणी पानांपेक्षा गाठींसाठी आहे असे समजून द्यावे.

हरभरा दवावर वाढतो, असेही पुष्कळदा ऐकू येते. थंडीत सकाळी पाने ओलीचिंब असतात हे खरे, आणि हरभऱ्याच्या पानांवरचे केस मॅलिक आम्ल स्रवतात, ज्याची आंब पहाटे कापड फिरवून गोळा केली जाते, त्यामुळे या समजाला बळ मिळाले असावे. पण एका रात्रीचे दव मिलिमीटरच्या काही दशांशांपलीकडे क्वचित जाते आणि पिकाची दिवसाची गरज दोन-तीन मिलिमीटर असते. दवाने सकाळचे एक-दोन तास पानांचा खर्च वाचतो, एवढाच त्याचा उपयोग. ढगाळ, दमट हवा रेंगाळली तर उलट रोगाला आमंत्रण मिळते.

शेवटचा आक्षेप सगळ्यात आकर्षक आहे. गाठी थांबल्या तर युरिया टाका, नत्राची तूट भरून निघेल. असे होत नाही, आणि त्याची कारणे सरळ आहेत. युरियातला नत्र मुळांनी उचलायचा तर तो पाण्याबरोबरच यावा लागतो. जमीन कोरडी असेल तर तोही वरच्या थरात पडून राहतो. ओल असताना भरपूर नत्र दिला तर झाड गाठी करण्याचा खर्च टाळते, म्हणजे पुढे ताण येईल तेव्हा त्या आणखी कमी असतात. शिवाय वाढीला मिळालेला नत्र पानांत जातो, पाने पाणी उडवतात, साठा लवकर संपतो. पेरणीच्या वेळी रोप गाठी धरेपर्यंत थोडा नत्र देणे योग्य. त्यापलीकडचा युरिया कडधान्यात पाण्याची उधळपट्टी करतो.

मग तळेघरच्या खाचरात काय करायचे? इथे मला एक तक्रार नोंदवावीशी वाटते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विजय, दिग्विजय यांसारखे वाण महाराष्ट्राच्या जिरायतीत नाव कमावून आहेत. २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली, नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. पण जिरायत हरभरा म्हटला की मनात येते ते मध्यम ते भारी, चुनखडीयुक्त काळे रान. घाटाकडची माती आम्लधर्मी, उथळ आणि चार महिने पाण्याखाली राहिलेली असते. हा फरक केवळ पाण्यापुरता नाही. हरभऱ्याच्या गाठी करणारे जिवाणू त्याच्यापुरतेच खास असतात. जिथे हरभरा सतत घेतला जात नाही आणि पावसाळाभर पाणी तुंबते तिथे ते फार कमी उरतात. आम्लधर्मी मातीत मॉलिब्डेनम झाडाला पुरेसे मिळत नाही, आणि नायट्रोजनेज विकराच्या गाभ्यातच मॉलिब्डेनम आहे. म्हणजे ताण यायच्या आधीच गाठी कमी, आहेत त्या अर्ध्या शक्तीच्या. देशात भात काढल्यावर पडीक राहणारी जमीन एक कोटी हेक्टरांहून जास्त आहे, तिचा मोठा हिस्सा पूर्व भारतात. तिथल्या हरभऱ्यावर झालेल्या कामात मॉलिब्डेनमचा आणि योग्य जिवाणूसंवर्धकाचा फायदा स्पष्ट दिसला. सह्याद्रीच्या खाचरांना ते काम जवळचे आहे, विदर्भाच्या काळ्या रानावरचे तितके नाही.

ओल वाचवण्याचे उपाय त्या मानाने ओळखीचे आहेत. भात निघाल्यावर मशागतीत आठवडा गेला तर वरच्या थराची बरीच ओल उडून जाते. म्हणून कापणी झाल्या झाल्या, शक्य तेवढ्या कमी नांगरटीने पेरणी करणे फायद्याचे ठरते. लवकर येणारा भात निवडणे हेही हरभऱ्याचे पाणी वाचवणेच होय. रात्रभर भिजवून वरवर सुकवलेले बियाणे पेरले तर सुकत चाललेल्या मातीत उगवण वेळेवर आणि एकसारखी होते, असे गुजरात-राजस्थान-मध्य प्रदेशाच्या आदिवासी पट्ट्यात आणि बांगलादेशातल्या बारिंद भागात शेतकऱ्यांच्या शेतांवर झालेल्या प्रयोगांत दिसले. त्याच पाण्यात जिवाणूसंवर्धक आणि किंचित मॉलिब्डेनम मिसळले की तीन कामे एका रात्रीत होतात, आणि यातले कोणतेही महाग नाही.

वाणांची निवड करताना मात्र बांधावरून पीक पाहून भागणार नाही. फुलोरा सुरू होण्याच्या सुमारास, जमिनीत थोडी ओल असताना, शेताच्या वरच्या आणि खालच्या अंगाची चार-पाच झाडे फावड्याने मातीसकट उचलावीत. माती पाण्यात हळूच धुऊन गाठी मोजाव्यात आणि चार-दोन नखाने फोडून पाहाव्यात. आत गुलाबी-लाल रंग असेल तर गाठी चालू आहेत आणि हातातले एक पाणी त्या शेताला देण्यात अर्थ आहे. हिरवट किंवा तपकिरी असतील, तर वर पान कितीही हिरवे दिसो, त्या खाचराला पुढच्या वर्षी वेगळे बियाणे, जिवाणूसंवर्धक किंवा हरभऱ्याऐवजी हुलगा लागेल.